पंच्याहत्तरीच्या जेवणात दोउरोची जुनी रेड: कवळ्यातले एक प्रकरण

प्रकरण असे. फोंडा तालुक्यातल्या कवळे गावी एका निवृत्त डॉक्टरांची पंच्याहत्तरी मे महिन्याच्या शेवटी घरच्या घरी करायची ठरली. मुलगा आणि सून लिस्बनला असतात. येताना त्यांनी पोर्तुगालच्या दोउरो खोऱ्यातल्या एका कौटुंबिक मळ्याची रेड वाईन आणली, २०११ सालची. भारतात येताना प्रत्येक प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येते, म्हणून दोघांच्या मिळून चार बाटल्या. जेवायला चौदा माणसे, त्यांतली चार न घेणारी. हॉटेलांतल्या वाढप्यांना वाईन कशी हाताळायची ते मी शिकवते, त्यामुळे बाटल्या उघडण्यापासून वाढण्यापर्यंत सगळे सुनेने माझ्याकडे सोपवले.

मळ्याचे नाव मी इथे देत नाही. पुढे एका बाटलीची जी गोष्ट येते ती जगातल्या कुठल्याही मळ्याच्या बाटलीत घडू शकते, आणि त्यासाठी एका कुटुंबाच्या कामाला बोल लावणे बरे नव्हे.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण एकच. गोव्यात चांगली रेड वाईन वाया जाते ती बहुतेक वेळा बाटलीत नव्हे, बाटलीबाहेर: उकाड्यात, आणि पानात तिच्या शेजारी काय वाढले आहे त्यात. या दोन्ही गोष्टी यजमानाच्या हातात असतात, आणि वाईन ग्लासात पडण्याच्या बऱ्याच आधी त्या ठरवाव्या लागतात.

बाटलीत काय होते

दोउरो हे मुळात पोर्टचे खोरे. १७५६ साली पोर्तुगालचे मंत्री पोंबाल यांच्या कारभारात या प्रदेशाच्या हद्दी आखून दिल्या गेल्या. द्राक्षांचा रस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचे स्पिरिट ओतायचे, म्हणजे आंबणे तिथेच थांबते, साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल १९-२० टक्क्यांवर जाते, हे पोर्ट. कित्येक वर्षे नियम असा होता की पोर्ट परदेशी जायची तर नदीच्या मुखाशी असलेल्या विला नोवा द गाया इथल्या मोठ्या गोदामांमधूनच. वर डोंगरात द्राक्षे पिकवणारी कुटुंबे आपला माल त्या व्यापाऱ्यांना विकून मोकळी व्हायची. १९८६ साली हे बंधन सुटले आणि मळ्यावरची बाटली मळ्याच्या नावाने थेट बाहेर जाऊ लागली. आज आपण दोउरोचा ‘कौटुंबिक मळा’ म्हणून जे ओळखतो, त्याचा बाजार इतका अलीकडचा आहे.

त्याच वेलींपासून गोड नसलेली, जेवणासोबतची रेड करता येते हे मात्र त्याआधीच दिसले होते. फेर्नांदो निकोलाव द आल्मेदा यांनी १९५२ साली बार्का व्हेल्या ही वाईन प्रथम केली. वेल मेयाँव नावाच्या मळ्यावर तेव्हा वीज नव्हती. आंबणारा रस थंड ठेवण्यासाठी किनाऱ्यावरच्या मातोझिन्योशहून ट्रकने बर्फ वर न्यावा लागला. हा मळा दोना आंतोनिया फेरेरा या बाईंनी एकोणिसाव्या शतकात उभा केला होता आणि आजही तो त्यांच्या वंशजांकडे आहे. जेवणाच्या आधी मी ही हकिगत सांगितली, तेव्हा डॉक्टरांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे अक्कांना, वाईनपेक्षा या बाईंबद्दलच जास्त विचारायचे होते. १८११ साली जन्मलेली बाई, नवऱ्यामागे एवढा पसारा सांभाळते, हे त्यांना फार आवडले.

आमच्या चार बाटल्या याच जातकुळीतल्या. टोरीगा नासिओनाल, टोरीगा फ्रांका आणि टिंटा रोरिझ ही द्राक्षे. ग्रॅनाइटच्या उथळ टाक्यांत पायांनी तुडवलेली. अल्कोहोल १४ टक्के. २०११ हे दोउरोचे उत्तम वर्ष मानले जाते. इतक्या वर्षांत बाटलीत गाळ धरलेला असणार आणि बूच थोडे मऊ पडलेले असणार, हे गृहीतच होते.

पाहुण्यांबद्दलही एक गोष्ट गृहीत धरावी लागली. गोव्यातल्या आपल्या घरांत रेड वाईन म्हटले की डोळ्यांसमोर येते ती इथली गोड पोर्ट. ज्यांनी आयुष्यभर तीच घोट-दोन घोट घेतली आहे, त्यांच्या जिभेला ही कोरडी, तुरट वाईन पहिल्या घोटाला कडूच लागणार. हे आधीच बोलून टाकणे बरे. त्यासाठी फार व्याख्यान लागत नाही.

उकाडा

मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा बाटल्या माडीवरच्या खोलीत, लाकडी कपाटाच्या माथ्यावर आडव्या ठेवलेल्या होत्या. खोलीत ३१ अंश. वर कौले, दुपारी तापलेली. वाईन साठवायला १२ ते १४ अंश लागतात. तापमान चढले की वाईन फुगते, बूच बाहेर ढकलले जाते आणि कडेने पाझर सुटतो. चारही बाटल्यांच्या गळ्यावरचे आवरण बोटाने फिरवून पाहिले. सहज फिरले, कुठे चिकट लागले नाही, बूच वर आल्याची खूण नव्हती. पाच-सहा दिवसांचा उकाडा बाटल्यांनी सोसला होता.

घरात दोन फ्रीज. स्वयंपाकघरातला तर मासळीने आणि नारळाच्या रसाने भरलेला. दुसरा डॉक्टरांच्या बंद दवाखान्यातला, पूर्वी लसी ठेवायचा छोटा फ्रीज. त्यात लसींसाठीचा तापमापकही होता, अजून चालू. लसींना २ ते ८ अंश लागतात. आम्ही बटण सगळ्यांत कमी थंडाव्यावर आणले तेव्हा आत १० अंश स्थिर झाले. चारही बाटल्या त्यात उभ्या ठेवल्या. वाईन साठवताना बाटली आडवी ठेवतात, म्हणजे बूच ओले राहते. पण जुनी बाटली वाढायच्या आधी दोनेक दिवस उभी हवी, म्हणजे कडेचा गाळ सावकाश तळाशी उतरतो. प्रवासात हा गाळ पूर्ण ढवळला गेलेला असतो. विमानातून उतरून त्याच रात्री जुनी बाटली उघडणाऱ्यांना मी नेहमी थांबवते.

‘रूम टेंपरेचरला द्या’ हे वाक्य इथे किनाऱ्यावरच्या चांगल्या चांगल्या ठिकाणीही ऐकू येते आणि पंख्याखाली ठेवलेली तीस अंशांवरची रेड टेबलावर येते. ज्या देशांत ते वाक्य जन्मले तिथल्या दगडी घरांतली खोली १६-१८ अंशांची होती. आपल्याकडे मे महिन्यात रात्री आठलाही २९-३० अंश असतात. त्या तापमानाला १४ टक्क्यांच्या वाईनमधून आधी अल्कोहोल नाकात शिरते. फळाचा, फुलांचा वास त्यामागे दडपला जातो. उलट फ्रीजमधून काढून ५ अंशांवर ओतली तर वास मिटतो आणि तुरटपणा धारदार होतो. आम्ही ठरवले ते असे: ओतताना १५ अंश, म्हणजे ग्लासात हातात धरेपर्यंत ती १७-१८ ला येईल.

त्या दिवशी दुपारी वळवाचा पाऊस झाला आणि तासभर वीज गेली. इन्व्हर्टरवर पंखे चालतात, फ्रीज नाही. दार उघडू नका एवढेच सगळ्यांना सांगितले. आतला पारा १२ च्या वर गेला नाही. हाताशी मासळीवाल्याकडचा बर्फही मागवून ठेवला होता, फक्त बाहेरून गारवा द्यायला. बर्फ वापरायचा तर घमेल्यात बर्फ आणि पाणी अर्धे-अर्धे घ्यावे. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि बाटली उशिरा गार होते. पाण्यात बुडालेली बाटली दहा-बारा मिनिटांत उतरते.

पानात काय

खरा वाद जेवणाचा होता. अक्कांनी बेत कधीच ठरवला होता: चोणकाचे तुकडे रव्यात तळलेले, तिसऱ्यांचे सुके, सुंगटांचे हुमण (कोळंबीची आमटी), मटणाची शागोती, वडे, खतखते, सोलकढी, शेवटी मानकुराद आंब्याचा रस. आणि हे सगळे आपल्या रीतीने एकाच वेळी पानात. मुलाच्या मनात होते की वाईन सुरुवातीलाच द्यावी, तळलेल्या चोणकाबरोबर, सगळे गप्पा मारत उभे असताना.

आदल्या दिवशी आम्ही चाचणी केली. दोउरोची बाटली उघडायची नव्हती, म्हणून नाशिककडची एक शिराज रेड आणली आणि स्वयंपाकघरात हुमणाचा, तिसऱ्यांचा, शागोतीचा एकेक घास घेऊन वर वाईनचा घोट घेतला. सुनेने, मुलाने आणि शेवटी अक्कांनीही, जिभेला लावण्यापुरता. तिसऱ्यांवर वाईन घेतल्यावर तोंडात लोखंडी, शिळ्या मासळीसारखी चव उरली. अक्कांनी लगेच तोंड धुतले. याचे कारण कळलेले आहे: २००९ साली जपानी संशोधकांनी दाखवले की वाईनमधले लोह आणि समुद्री अन्नातली स्निग्ध आम्ले एकत्र आली की हा वास तयार होतो. वाईन महाग असो वा स्वस्त, लोह जास्त असेल तर हे होणारच. तळलेल्या चोणकाबरोबर त्रास कमी होता, हुमणाबरोबर बराच.

शागोतीचे उलट झाले. भाजलेले खोबरे, खसखस, मटणाची चरबी यांनी वाईनचा तुरटपणा मवाळ केला, आणि बाद्यान, जायफळ, दगडफूल यांच्या वासाने तिच्यातले मसाल्याचे अंग वर आणले. अडचण तिखटाची होती. तिखट आणि अल्कोहोल एकमेकांची आग वाढवतात, तुरटपणा त्यात भर घालतो. अक्कांची शागोती सणसणीत. मिरची कमी करा असे त्यांना सांगणे सोपे नव्हते.

“मग ती शागोती कसली?” त्या म्हणाल्या.

“अक्का, मसाला तसाच ठेवा,” सून म्हणाली. “फक्त तिखट मिरची अर्धी करू, बाकी रंगाला ब्याडगी. खसखस थोडी वाढवू.”

त्यांनी ऐकले, कारण घोट त्यांनी स्वतः घेतला होता. या एका कारणासाठी मी म्हणते की चाचणी स्वयंपाक करणाऱ्या माणसाबरोबरच करावी. यजमान आणि वाईन ओतणारी व्यक्ती यांनी आपसांत काहीही ठरवले तरी चूल तिसऱ्याच्या हातात असते.

क्रमाचा तोडगा असा निघाला. पाने एकदम पूर्ण वाढायची नाहीत. आधी चोणक, तिसऱ्या आणि हुमण-भात. त्यासोबत घेणाऱ्यांना थंड बिअर किंवा हुर्राक, बाकीच्यांना लिंबाचे सरबत. हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाचा पहिल्या धारेचा, सौम्य अर्क. मे अखेरीस तो संपत आलेला असतो आणि मासळीबरोबर छान जातो. मग पाने बदलायची, साधा भात आणि कोमट पाणी, आणि त्यानंतर शागोती, वडे व खतखत्यासोबत वाईन. सोलकढी वाईन संपल्यावर. कोकमाच्या आंबटपणापुढे ही वाईन फिकी पडते, आणि सोलकढीलाही वाईनने काही मिळत नाही. मानकुराद तर शेवटीच, त्यासोबत वाईन नको: इतक्या गोड फळावर कोरडी रेड नुसती आंबट-कडू लागते.

आपल्या जेवणाला ‘कोर्स’ लावणे मला एरवी पटत नाही. ताट भरलेले असावे, हवे तिथे बोट फिरावे, त्यातच आपल्या जेवणाची मजा आहे. इथे पाने बदलली ती त्या एका बाटलीसाठी, आणि दोनच भागांत. त्यापुढे काही तोडले नाही.

चार बुचे

बाटल्या साडेपाचला उघडल्या, जेवण साडेआठचे. पाहुणे यायच्या आधी सगळ्या बाटल्या उघडून पाहिल्याच पाहिजेत, यात मी तडजोड करत नाही. एक चाखली आणि बाकीच्या तशाच असतील असे मानले, तर पुढचे जे झाले ते पाहुण्यांच्या ग्लासात झाले असते.

जागाही निवडावी लागली. राजांगणात फणस फोडून ठेवला होता. त्या वासात वाईन हुंगणे व्यर्थ. देवघराशेजारी उदबत्ती. सुनेच्या केसांत सुरंगीचा वळेसर होता, तो तिने काढून पाण्यात ठेवला. शेवटी दवाखान्याची खोलीच बरी ठरली: चुन्याच्या भिंती, काही वास नाही, पांढरे टेबल.

जुन्या बुचाला मी साधा कॉर्कस्क्रू लावत नाही. मधोमध भोक पडून ते भुसभुशीत होते. दोन पातळ पात्यांचा ओपनर बुचाच्या दोन्ही कडांनी हळूहळू खाली सरकवायचा आणि फिरवत वर ओढायचे. पहिले बूच अखंड आले, खालच्या टोकाला जांभळट-काळे. ग्लासात दोन चमचे ओतून पाहिले. कडेला विटकरी छटा, मधे अजून दाट लाल. आधी काही वास नाही, मग ग्लास फिरवल्यावर वायोलेटची फुले, पिकलेले करवंद, थोडा देवदारासारखा सुका लाकडाचा वास. घोटात फळ, मग तुरटपणा, मग बराच वेळ टिकणारी खारट-खनिज चव. उत्तम. तिसरी आणि चौथीही तशीच, चौथी जरा जास्त मोकळी.

दुसरी बाटली वेगळी निघाली. बुचात वरून काही दिसत नव्हते. ग्लासात रंग तोच. पण नाक लावताच करवंद नाही, फूल नाही. त्याऐवजी पावसाळ्यात कपाटात भिजत राहिलेल्या पुठ्ठ्याचा वास. सुनेला तो माझ्याआधी आला. मुलाला ‘काहीतरी मिटल्यासारखी’ वाटली. डॉक्टरांनी दोनदा हुंगून सांगितले की त्यांना काहीच वेगळे जाणवत नाही.

याला बुचाचा दोष म्हणतात. १९८१ साली स्वित्झर्लंडमध्ये हान्स टानर यांनी त्यामागचा पदार्थ शोधला: ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल. बुचातल्या बुरशीने क्लोरीनयुक्त संयुगांवर काम केले की तो तयार होतो. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम एवढ्यानेही वाईन बिघडते. माणसागणिक नाकाची पकड फार वेगळी असते, म्हणून एका घरात एकाला तो असह्य आणि दुसऱ्याला ठाऊकही नाही असे होते. २०१३ साली जपानमधल्या संशोधकांनी दाखवले की हा पदार्थ नाकातल्या पेशींचे संदेशच दाबतो. त्यामुळे प्रमाण अगदी कमी असेल तेव्हा ओला पुठ्ठा येत नाही, फक्त फळ नाहीसे होते, आणि पिणारा समजतो की वाईनच साधारण आहे. मळ्याची सगळ्यांत मोठी बदनामी याच बाटल्यांनी होते. जगातले जवळपास निम्मे बूच पोर्तुगालमध्येच निघते. एकाच झाडाची साल नऊ वर्षांनी पुन्हा काढतात. इतक्या सावकाश येणाऱ्या वस्तूत अशी एखादी बाटली सुटून जातेच.

आता निर्णय. मुलाचे म्हणणे असे: “घरचीच माणसं आहेत ताई. जगमध्ये बाकीच्या तीनबरोबर मिसळली तर कोणाला कळणार नाही.” विचार समजण्यासारखा होता, चारच बाटल्या, इतक्या लांबून हातात धरून आणलेल्या. पण या पदार्थाची मात्रा इतकी सूक्ष्म असते की चौथा हिस्सा मिसळला तरी तो वास जाणवण्याच्या उंबरठ्याच्या वर राहू शकतो. एक बाटली वाचवायला जाऊन चारही गेल्या असत्या. दुसरा मार्ग, ती वेगळी ठेवून शेवटी, लोक जरा रंगात आल्यावर द्यायची. हेही मी नको म्हटले. वाढणाऱ्याला दोष माहीत आहे आणि पाहुण्याला नाही, अशा ग्लासाला आदरातिथ्य म्हणता येत नाही.

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला: “अपाय आहे का?”

“अपाय काही नाही, काका.”

“मग मी घेईन थोडी, मला तर कळतही नाही. पाहुण्यांना नको.”

बाटली बाजूला ठेवली, बूच पिशवीत घालून. आता हिशेब बदलला. तीन बाटल्या म्हणजे २२५० मिली. प्रत्येकीच्या तळाचा गाळ सोडला तर २१०० मिली हाती. दहा माणसांना दोनदा ओतायचे तर एका वेळी शंभर मिली. पूर्वी मी दीडशेची ओत धरली होती. शंभर मिली या वाईनला पुरेशी आहे, उलट गोव्याच्या उकाड्यात बरीच, कारण ग्लासात थोडी असली की ती तापण्याआधी संपते.

गाळ वेगळा करायला डिकँटर नव्हता, काचेचे दोन रुंद जग होते. साबण न लावता गरम पाण्याने धुऊन पालथे ठेवले. बाटलीच्या गळ्याखाली टॉर्च धरून एका दमात, न थांबता ओतायचे. मधे थांबून बाटली सरळ केली की गाळ पुन्हा उसळतो. गळ्यात काळी रेघ दिसली की थांबायचे. जग गार पाण्याच्या परातीत ठेवले आणि वर ओला पंचा टाकला, म्हणजे किडे पडत नाहीत आणि थोडा गारवाही राहतो. किती आधी ओतावे, यावर मतभेद असतात. कोवळ्या वाईनला तास-दोन तास हवा लागते, फार जुनी वाईन तितक्या वेळात विझते. ही मधल्या वयाची, म्हणून साडेसातला ओतली.

ग्लास केटररने आणलेले, कपाटाच्या कागदाचा वास असलेले. सगळे गरम पाण्यातून काढून डॉक्टरांच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराच्या तुकड्याने पुसले. टॉवेलचे धागे काचेला चिकटतात, असल्या सुती कापडाचे चिकटत नाहीत.

टेबलावर

पहिल्या फेरीत लोकांनी मासळी मन लावून खाल्ली. पाने बदलली तेव्हा थोडी कुजबुज झाली, मग शागोती आली आणि ती थांबली.

वाईन ओतण्याआधी मी टेबलावर दोन वाट्या ठेवल्या: एकीत करवंदे, दुसरीत जांभळे. महिनाच तो. ज्यांनी कोरडी रेड कधी घेतली नव्हती त्यांना एक करवंद हुंगायला सांगितले, मग ग्लास. मग एका जांभळाची साल चावून जिभेवर जो तुरटपणा येतो तो लक्षात ठेवायला सांगितला. घोटातला तुरटपणा तिथेच, जिभेच्या कडांना आणि हिरड्यांना बसतो. पुढचा घोट शागोतीच्या घासानंतर. एवढे केले की ‘कडू आहे’ म्हणणारा माणूस ‘जांभळासारखी ओढते’ म्हणू लागतो, आणि तिथून पुढे तो स्वतःच शोधू लागतो. दोउरोच्या वाईनबद्दल पोर्तुगीज पुस्तकांत येणारी फळे आपल्या मुलांनी पाहिलेलीही नसतात. करवंद प्रत्येकाने रानात जाऊन काढलेले असते.

डॉक्टरांच्या एका मित्रांनी, साळच्या बाजूचे एक जुने शिक्षक, डोळे मिटून बराच वेळ वास घेतला आणि म्हणाले, “बरें आसा. पूण गोड ना.” त्यांनी दुसरी ओत घेतली नाही. एका मामांनी बर्फ मागितला. मी दिला. वाईन थंड हवी असलेल्या माणसाला मे महिन्यात बर्फ नाकारण्याइतकी कोणतीही बाटली मोठी नसते. फक्त मी मोठा एकच खडा दिला, बारीक बर्फ पटकन वितळून वाईन पाणचट करतो. अठरा वर्षांच्या नातवाला मात्र कोणी ग्लास दिला नाही. गोव्यात वय २१ आहे, आणि डॉक्टर त्या बाबतीत कडक. त्याने जगमधल्या वाईनचा वास घेतला आणि वायोलेट ओळखले, एवढे त्याला पुरले.

तापमानाची नोंद मी ठेवली. ओतताना १५, वीस मिनिटांनी ग्लासात १९. दुसऱ्या फेरीच्या आधी जग पुन्हा बर्फपाण्याच्या परातीत पाच मिनिटे. त्या दुसऱ्या फेरीतच वाईन सगळ्यांत सुंदर होती: हवा लागून फुलांचा वास वर आला होता आणि तुरटपणा मऊ झाला होता. अक्कांनी या वेळी ग्लासभर घेतली. त्यांचे म्हणणे, वड्याबरोबर जास्त चांगली. खरे होते. वड्यातले उडीद-मेथी आणि तळणीचे तेल तिला मटणापेक्षाही नीट सांभाळत होते. शागोतीत तिखट अर्धे करूनही मागे थोडी आग उरतच होती. वड्याचे हे आदल्या दिवशीच्या चाचणीत कळले नव्हते, कारण त्या दिवशी वडे नव्हते.

दोषी बाटलीचे पुढे

दुसऱ्या दिवशी सुनेने ती बाटली माझ्याबरोबर पुन्हा पाहिली. एक घरगुती उपाय सांगितला जातो आणि त्याला आधार आहे: स्वयंपाकघरातली पारदर्शक पॉलिथिनची पातळ फिल्म वाईनमध्ये टाकून हलवायची, पॉलिथिन हा पदार्थ शोषून घेते. जगमध्ये फिल्मचा बोळा टाकून दहा मिनिटे फिरवले. पुठ्ठ्याचा वास बराच उतरला. करवंद मात्र परत आले नाही. फिल्म दोषाबरोबर थोडा सुवासही नेते. पिण्याजोगी झाली, वाढण्याजोगी नाही. डॉक्टरांनी दुपारच्या जेवणाला अर्धा ग्लास घेतला.

बुचाचे, लेबलाचे आणि मागच्या बाजूच्या लॉट क्रमांकाचे फोटो काढून सुनेने मळ्याला पत्र लिहिले. हे प्रत्येकाने करावे असे मला वाटते. तक्रार म्हणून नव्हे. कौटुंबिक मळ्याला कुठल्या लॉटचे बूच कसे निघाले हे पिणाऱ्याकडूनच कळते, आणि पिणारे बहुतेक गप्प बसतात.

पुढच्या वेळचेही ठरून गेले. मे महिना नको. डिसेंबरअखेर गोव्यात रात्रीचे तापमान वीस अंशांपर्यंत उतरते, हवा कोरडी असते, चिऱ्याच्या भिंतींची कोठाराची खोली दिवसाही गार राहते. त्यात रेड फ्रीजशिवाय दोनेक दिवस उभी ठेवता येईल. तिखट मिरचीचा प्रश्न अक्का पुन्हा काढणार आहेत. आणि तिसऱ्यांचे सुके त्या सोडणार नाहीत, म्हणून करमुक्त मर्यादेतल्या चार बाटल्यांपैकी दोनच रेड आणायच्या, दोन पांढऱ्या.